साचेखात्यातली भाषा

महादेवने सकाळी आतून कडी घातली आणि ‘मला आता जगायचं नाही’ एवढंच बोलून तो भिंतीला टेकून बसला. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं होत आली होती. लालबागच्या त्या चाळीत मग व्हायचं तेच झालं. अख्खा मजला खिडकीच्या गजांना बिलगून एकदमच त्याची समजूत काढू लागला.

त्याची बायको मंजुळा धावत जाऊन सुमेधाबाईंना घेऊन आली. त्या परळच्या मेडिकल कॉलेजात मेंदूचं कामकाज शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या खचलेल्या माणसांना भेटत.

“सगळे गप्प राहा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “जीव घाबरला की मेंदूत भीतीचं राज्य सुरू होतं. विचार करणारा भाग मागे पडतो. लांबलचक बोलणं आत शिरतच नाही.”

“म्हणजे मी तासभर भिंतीशी बोललो?” शेजारचा कुशाबा म्हणाला.

“तुमचं बोलणं धडधाकट माणसाच्याही आत शिरत नाही, भावजी,” मंजुळेने डोळे पुसता पुसता सुनावलं.

सुमेधाबाई खिडकीशी बसल्या. “महादेव, पाणी देऊ?” एवढं विचारून त्यांनी मनात दहा आकडे मोजले. महादेवने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. बाईंच्या शास्त्रातलं सगळ्यात छोटं वाक्यही त्याला जड झालं होतं.

तेवढ्यात मागून तात्या पुढे सरकले. गिरणीत महादेवच्या शेजारचे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, त्यांनी वीस वर्षं चालवले होते.

“बाई, शब्द कशाला पायजेत? साचेखात्यात मागांच्या खडखडाटानं कानठळ्या बसायच्या. आम्ही हातांनीच बोलायचो.”

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शब्द हरवले तरी हाडीमाशी मुरलेली सवय सहसा हरवत नाही. “बोला,” त्या म्हणाल्या.

तात्यांनी खिडकीत हात हलवला. सावली जमिनीवर नाचली तसे महादेवने सवयीने डोळे वर केले. तात्यांनी चिमूट ओठांशी नेली. तीच खूण त्यांनी पुन्हा पुन्हा केली. मग महादेवची दोन बोटं उठली आणि मनगट ताडकन फिरलं. तात्या खुदकन हसले.

“काय म्हणतोय?” मंजुळेने विचारलं.

“चहा घेतो म्हणाला. आणि मला एक शिवी दिली.”

“मग येतोय ताळ्यावर,” ती म्हणाली.

व्हरांड्यात सगळे श्वास रोखून उभे होते आणि दोघांचे हात चालले होते. पाऊण तासाने कडी निघाली. सुमेधाबाई एकट्याच आत गेल्या आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

“अजून मरावंसं वाटतंय?” त्यांनी सरळ विचारलं.

“सकाळी लय वाटत होतं,” महादेव म्हणाला. “आता कमी हाय. महिना झाला, झोप नाय, बाई.”

“डॉक्टरांकडे जाऊ. मी सोबत येते.”

महादेवने दारातल्या तात्यांकडे बघून हात हलवला.

“मलाही चल म्हणतोय,” तात्या म्हणाले. “पण तोंड बंद ठेवायचं.”

तिघे जिना उतरू लागले. महादेव अनवाणीच निघाला होता. त्याच्या चपला हातात घेऊन मंजुळा मागोमाग धावली.