शपथेची तालीम

मंत्रीजींचा कार्यक्रम पुन्हा पुढे गेल्याचा फोन आला, तेव्हा गंगाधर पिंपळापुरे सर रायपूरच्या गोल बाजारात फुलवाल्यापुढे उभे होते आणि गुलाबाचे हार टोपलीत भरून तयार होते. "सर जी, आज नहीं हो पाएगा, साहब बस्तर निकल गए," एवढं बोलून पी.ए.नं फोन ठेवूनही दिला. आता हे हार काय स्वतःच्या गळ्यात घालून घरी जायचं? गणपतीत हेच झालं, दिवाळीनंतर हेच झालं, आणि आता संक्रांत तोंडावर आली तरी तेच. "आप वही शपथ वाले सर हैं ना?" फुलवाल्यानं विचारलं. म्हणजे अख्ख्या बाजारात बोभाटा झाला होता! सर कसंनुसं हसले आणि टोपली उचलून चालू लागले.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. हिंदीत त्यांचं आडनाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांचे ते 'पिंपले सर'. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेले. म्हणूनच बहुधा छात्रसंघाच्या प्रभारीपणाची धोंड त्यांच्या गळ्यात बांधली गेली होती. दरवर्षी ते हात जोडत, "हे काम दुसऱ्या कोणाले द्या," आणि दरवर्षी प्राचार्य वर्माजी म्हणत, "आप से अच्छा कौन करेगा?" या वाक्याचा अर्थ सरांना चांगला समजत होता.

छात्रसंघ म्हणजे निवडणूक, असं कोणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाकावं. त्या वर्षी निवडणूक बंद होती. ज्याला सगळ्यांत जास्त गुण, तो अध्यक्ष. ना प्रचार, ना मतपेटी, ना कोणाला विचारणं. गुणपत्रिका लागली की अध्यक्ष झालाच! तशी मंजिरी झाली. पुरानी बस्ती भागातली, एम.एस्सी.ची, चष्मेवाली, हट्टी पोट्टी. घरात मराठी, पण बोलायची हिंदीच. सर मराठीत विचारत, ती हिंदीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

"मैंने तो बस पेपर अच्छे लिखे थे, सर," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "अध्यक्ष बनने के लिए थोड़े ना लिखे थे."

"मग आता झाली ना? बस गुपचूप. शपथ होऊ दे, फोटो होऊ दे, बात खतम."

पण शपथ होईल तर ना! पूर्वी, म्हणजे राजधानी भोपाळला होती तेव्हा, गोल बाजारातले एखादे भांड्यांचे व्यापारी पाहुणे म्हणून येत, वेळेच्या आधी येत, स्वतः नारळ घेऊन येत. आता रायपूर राजधानी. जिकडे पाहावं तिकडे लाल दिव्याच्या गाड्या, आणि दिलेली तारीख मात्र कोणी पाळेना. बरं, मंत्रीजी सोडून दुसरा पाहुणा बोलवावा, तर प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळे. नव्या सभागृहाची मंजुरी मंत्रीजींच्या टेबलावर पडलेली होती. ते नाराज झाले तर? म्हणून वाट पाहायची. नियमात पाहुण्याचं नावही नव्हतं. प्राचार्यांनी किंवा प्रभारी प्राध्यापकानं शपथ द्यावी, एवढंच होतं. हे प्राचार्यांनाही ठाऊक, सरांनाही ठाऊक. पण पाहुण्याशिवाय शपथ म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं सगळ्यांनी मनाशी पक्कं धरलेलं होतं.

आणि कार्यक्रम झाला नाही तरी तालीम मात्र व्हायचीच. प्राचार्यांचा हुकूमच तसा: मंत्रीजींपुढे पोरं अडखळली तर कॉलेजची नाचक्की. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी सगळे पदाधिकारी हॉलमध्ये रांगेत उभे राहत, मंत्रीजींच्या जागी सर माईकसमोर उभे राहत, आणि शपथेचं एकेक वाक्य सांगत. बाकीची पोरं 'मैं अमुक-अमुक' म्हणून खिदळत. मंजिरी नाही. ती हात पुढे करून, ताठ उभी राहून, स्वतःचं अख्खं नाव घेई आणि प्रत्येक शब्द असा उच्चारी, की मागच्या खुर्च्या लावणारे लोक वळून पाहत.

"अगं, नाव काहून घेऊन राहिली? ही नुसती तालीम आहे," सर वैतागून म्हणाले होते.

"सर, झूठमूठ की शपथ कैसे लूँ? शब्द तो वही हैं."

"बरं बाई, घे. तुले जसं घ्यायचं तसं घे!" सरांनी हात टेकले. शेवटी चहा थंड होत होता.

इथपर्यंत सगळी नुसती कटकट होती. घोडं खरं अडलं ते निधीपाशी.

निधी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. तिच्या वडिलांचं पंडरीच्या बाजारात कापडाचं छोटं दुकान. पावसाळ्यात ते जिन्यावरून घसरले, कमरेचं हाड मोडलं, आणि दुकान पोरीच्या अंगावर पडलं. तिची हजेरी कमी भरली. हजेरी कमी म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं तर काकांनी ठरवूनच टाकलं होतं, की आता शिक्षण पुरे, गल्ल्यावरच बसायचं. डॉक्टरांचे कागद होते, शिक्षकांची शिफारस होती. कॉलेजच्या परिषदेनं 'सूट दिली' म्हणायचा अवकाश होता.

पण परिषदेचा नियम असा, की विद्यार्थ्यांच्या हिताचा कोणताही विषय विद्यार्थी प्रतिनिधीच्या गैरहजेरीत निकालात काढायचा नाही. कोणा भल्या माणसानं पोरांच्या भल्यासाठीच केला असेल तो नियम! आता प्रतिनिधी म्हणजे अध्यक्ष, अध्यक्ष शपथेशिवाय बसू शकत नाही, आणि शपथ मंत्रीजींशिवाय होत नाही. परिषद भरली, निधीचा विषय निघाला, आणि प्राचार्य अगदी कळवळून म्हणाले, "बच्ची के साथ अन्याय नहीं होना चाहिए. प्रतिनिधि आ जाए, तब देखेंगे." विषय स्थगित. पुढच्या वेळी पुन्हा स्थगित. मंजिरी दोन्ही वेळा दाराबाहेर बाकावर बसून होती!

आता परीक्षेआधीची शेवटची बैठक उरली होती, आणि मंत्रीजी बस्तरला.

सर हारांची टोपली घेऊन कॉलेजात आले, तर मंजिरी स्टाफरूमच्या दारातच उभी.

"फिर कैंसल?"

"हो."

"सर, कल मीटिंग है. आप दिला दीजिए ना शपथ. आप दे सकते हैं. नियम में है, मैंने पढ़ा है."

"देखते हैं," सर म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर छत्रीसारखे वापरले होते.

मंजिरीनं चष्मा काढला. मग तो पुसत, कधी नव्हे ती मराठीत बोलली, "काहून, सर? भेता काय?"

सरांना चपराक बसल्यासारखं झालं. काय जीभ आहे या पोट्टीची! बापाच्या वयाच्या माणसाला असं विचारतात? ते काहीतरी कडक बोलणार, तोवर ती निघून गेली. टोपलीतले हार त्यांनी प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये पाणी सोडून ठेवून दिले.

घरी वनमालाबाईंनी पोहे पुढे ठेवले आणि नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या. "आज बी पाहुणा नाही आला ना?"

"नाही. आणि ती पोट्टी म्हणते, तुम्हीच द्या शपथ."

"मग द्या ना! त्याले काय मंत्रीच लागते?"

"तुले समजत नाही. वर्मा उद्या मंत्र्याले सांगून मले सुकम्याच्या जंगलात बदलीवर फेकून देईन. या गुडघ्यांनी तिथं काय करू मी?"

"आणि त्या निधीचं काय होईन मग?"

"तेच तर! तेच डोक्यात फिरून राहिलं ना सकाळपासून!" सर एवढ्या जोरात ओरडले, की पोह्यांची बशी हलली. स्वतःच्या आवाजानं तेच दचकले. वनमालाबाईंनी लिंबाची फोड त्यांच्या बशीत पिळली आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. लांब टेबल, समोसे, चहा, प्राचार्य मधल्या खुर्चीत. सर नेहमीसारखे कोपऱ्यात. बाहेर बाकावर मंजिरी, आणि तिच्याजवळ दुकानातून तशीच आलेली निधी. सायकल स्टँडला नवे पत्रे, बागेला पाणी, मंत्रीजींच्या स्वागताची कमान, असे विषय भराभर उरकले. मग निधीचं नाव निघालं. प्राचार्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि तोंडावर तेच दुःख आणलं.

"प्रतिनिधि की शपथ अभी हुई नहीं है. तो मजबूरी है. स्थगित—"

"पर सर, ये आखिरी बैठक है." दार ढकलून मंजिरी आत आली होती. आवाज कापत होता, पण पाय नाही. "इसके बाद उसका साल गया."

"बेटा, तुम बाहर बैठो. शपथ के बिना तुम यहाँ बैठ नहीं सकतीं. नियम है."

दारातून मागे निधी दिसत होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती कोणाकडे न पाहता जमिनीकडे पाहत होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोशाकडे पाहिलं, आणि त्यांना एकाएकी सगळ्याचा भयंकर उबग आला. हारांचा, फोनचा, कमानीचा, स्वतःच्या 'देखते हैं'चा. काय चाललं आहे हे? सगळ्यांनी मिळून काय मांडलं आहे?

"शपथ झाली आहे," ते म्हणाले. मराठीतच निघालं. मग खाकरून ते हिंदीत म्हणाले, "शपथ हो गई है, सर."

चहाचे कप जागच्या जागी थांबले.

"कब?" प्राचार्यांनी विचारलं.

"मैंने दिलवाई. हॉल में. नाम लेकर, पूरे शब्दों में. एक बार नहीं, कई बार."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग ते हसले, आणि त्यांनी सरांसाठी अगदी आपुलकीनं पळवाट उघडून दिली. "अरे पिंपले जी, वो तो रिहर्सल थी. रिहर्सल ही थी ना?"

सुटका समोर उभी होती. नुसतं 'हाँ' म्हणायचं. सुकमा नाही, कटकट नाही, निवृत्तीपर्यंत सुखाचा चहा. मंजिरी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, आणि त्या नजरेत कालचाच प्रश्न होता.

"मेरी रिहर्सल होगी, सर," ते म्हणाले. "उसकी नहीं थी. उसने हर बार सच में ली. प्रभारी के सामने ली. नियम में इससे ज्यादा कुछ नहीं लिखा. और लिखा हो, तो मुझे दिखाइए."

"आप को मालूम है मंत्रीजी को क्या लगेगा?"

"हव," सर म्हणाले. "मालूम है."

इतकं लहान उत्तर त्या खोलीत कोणी प्राचार्यांना दिलं नव्हतं. वर्माजी बराच वेळ कागद सरळ करत राहिले. मग कोणाकडेही न पाहता त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मंजिरी बसली. बैठकीची नोंद घेणाऱ्या बाबूनं 'उपस्थित' असं लिहिलं.

"तो निधी का विषय," प्राचार्य रुक्षपणे म्हणाले. "प्रतिनिधि को कुछ कहना है?"

"छूट मिलनी चाहिए, सर."

"किसी को आपत्ति?"

कोणाचीच नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी तर 'बेचारी' म्हणून मान हलवली. "स्वीकृत. अगला विषय." समोशांची दुसरी फेरी टेबलाच्या टोकाला पोचायच्या आत सगळं संपलं होतं. सर बघतच राहिले. ज्यासाठी गणपतीपासून जीव टांगणीला लागला होता, ते एका घोटात झालं होतं.

बैठक सुटल्यावर ते बाहेर आले, तर व्हरांड्यात निधी मंजिरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. सरांना पाहून तिनं घाईघाईनं डोळे पुसले आणि पाया पडायला वाकली.

"अगं, राहू दे, राहू दे," सर मागे सरकले.

"सर, अंदर बहुत लोग खिलाफ थे क्या?" तिनं विचारलं. "इतने महीने... कौन नहीं चाहता था कि मैं परीक्षा दूँ?"

सरांनी मागे पाहिलं. खोलीत सगळे होते. समोसे खात होते, एकमेकांना चटणी देत होते, हसत होते. चांगली माणसं होती. त्यांच्यातलं एखादं नाव सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

"कोणीच नाही गं, पोरी," ते म्हणाले. "एकही नाही. आम्ही सगळे नुसते पाहुण्याची वाट पाहून राहिलो होतो."