अवसेच्या दिवशी पाडवा

झरी गावात आश्रुबाची ओळख दोन गोष्टींवरून. एक, त्याची पोरगी वैष्णवी कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली. दुसरी, त्यानं अवसेच्या दिवशी बोअर मारली आणि खालून नुसता फुफाटा निघाला. पहिली गोष्ट तो स्वतः सांगत फिरे. दुसरी सांगायला घरात बायको धुरपताबाई होती.

सहा वर्षं झाली त्या बोअरीला, पण बाईनं ती काही बुजू दिली नाही. भाजीत मीठ जास्त पडलं एवढं आश्रुबानं म्हणायचा अवकाश, "अवसेला बोअर मारणाऱ्यानं दुसऱ्याच्या चुका काढू नये" हे उत्तर तयार असे. बिचाऱ्यानं खारट भाजी गुमान खायची सवय करून घेतली होती.

आणि अशा माणसाच्या घरी नवा कॉम्प्युटर यायचा, तर तो नेमका दिव्याच्या अवसेला यावा! आता काय बोलावं?

इलाजच नव्हता. पुण्याच्या एका कंपनीनं वैष्णवीला परीक्षेचं काम पाठवलं होतं. एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचं आणि त्याच संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं. जमलं तर नोकरी, तीही झरीत घरी बसून. नाही जमलं तर मामाकडं पुण्याला जाऊन नोकरी शोधायची, असं पोरीनं ठरवूनच टाकलं होतं. बॅगही भरली होती. ती बॅग दाराशी दिसली की आश्रुबा तोंड फिरवून जाई. आणि ऐन वेळी जुन्या लॅपटॉपनं मान टाकली, म्हणून परभणीच्या दुकानातून तातडीनं नवा कॉम्प्युटर जुळवून मागवला.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय हे आश्रुबानं विचारून घेतलं होतं.

"करार असतो आप्पा," वैष्णवीनं सांगितलं होतं, "पण कागदावर न्हाई, कॉम्प्युटरवर. एकदा का जगभरातल्या कॉम्प्युटरवर चढवला की कुणालाच खाडाखोड करता येत न्हाई. ठरलेली गोष्ट झाली की आपोआप पुढचं होतं."

"म्हंजी आपल्या बटईदारावानी शब्द फिरवत न्हाई."

"तेच की!"

आश्रुबाला हा धंदा लय आवडला. पोरगी असल्या सच्च्या कामाला लागायलीय, ह्याचा त्यानं पारावर डंका पिटला.

तर अवसेच्या सकाळी दुकानातला हरिओम खोकी घेऊन आला. वैष्णवीला धुरपताबाईनं आत दिव्यांच्या पूजेला बसवलं होतं. घासूनपुसून लखलखीत केलेल्या समया पाटावर होत्या, कणकेचे दिवे उकडायले होते, आणि बाईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "अवसेला नवं काही करू नये म्हणलं तर ऐकतंय कोण ह्या घरात! बापानं बोअर घातली, आता लेकीची नोकरी घालतोय!"

हे बोल बाहेरच्या खोलीत आश्रुबाच्या काळजात रुतायले. त्यानं हरिओमला हळूच विचारलं, "का रं, ह्या यंत्राला कळतं का आज कोणता दिवस हाय?"

"आपण सांगू तेच त्याला कळतं, काका," हरिओम वायरी जोडता जोडता म्हणाला.

आश्रुबाचा चेहरा उजळला. "असं? मंग त्याला अवस हाय म्हणून सांगूच नको ना!"

हरिओमला परभणीची गाडी गाठायची होती. वाद घालण्यापेक्षा दोन बटणं दाबणं सोपं. "दसरा टाकू का दिवाळीचा पाडवा?" चहा का कॉफी विचारावं तसं त्यानं विचारलं.

"पाडवा टाक. पाडव्याला घेतलेलं खाली जात न्हाई."

आषाढात पाडवा झाला. तारीख आपोआप जागेवर येऊ नये म्हणून हरिओमनं तीही सोय बंद केली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पाडव्याची तारीख दिसायली. पोरीच्या नजरेस पडली तर पंचाईत, म्हणून फटफटीवर लावायला आणलेलं खंडोबाचं स्टिकर आश्रुबानं नेमकं त्या कोपऱ्यावर चिकटवलं, वर हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. वैष्णवीनं ते बघितलं, थोडी हसली. देवाला कोण हलवणार? तिनं खुर्ची ओढली आणि कामाला बसली.

काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पळायला लागली. आश्रुबा दाराच्या चौकटीला टेकून बघत उभा. थोड्या वेळानं अक्षरं लाल झाली. वैष्णवीनं पुन्हा काहीतरी टाइप केलं. पुन्हा लाल. करार लिहायला आधी इंटरनेटवरून बरीच अवजारं उतरवून घ्यावी लागत होती, आणि त्यातलं एकही उतरायला तयार नव्हतं.

तिनं वायफाय बंद करून मोबाइलचं नेट जोडलं. लाल. मोबाइल माळवदावर ठेवून बघितला. लाल. मैत्रीण निकिताला फोन लावला, तिनं सांगितलेले सगळे उपाय केले. तरी लालच.

जेवणाची वेळ उलटून गेली. कणकेचे दिवे तुपात तसेच थिजले.

"झालं काय गं?" आश्रुबानं घाबरत विचारलं.

"कळंना झालंय, आप्पा. जिथं जावं तिथं एकच उत्तर. साइटच्या दाखल्याची मुदत संपली! ह्याची संपली, त्याची संपली. साऱ्या दुनियेची मुदत एकाच दिवशी कशी काय संपायलीय?"

आश्रुबाची नजर खंडोबाच्या स्टिकरवर गेली. दुनिया आषाढात होती आणि ह्यांचं यंत्र येत्या दिवाळीत जाऊन बसलं होतं, तिथून बघितलं तर सगळ्यांच्या मुदती संपलेल्याच दिसणार! एवढं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तारीख सांगावी तर अवस मानगुटीवर बसणार, न सांगावी तर पोरगी पुण्याला. तो ओसरीवर गेला, परत आत आला, पुन्हा ओसरीवर गेला.

आत आला तेव्हा वैष्णवी डोळे पुसत होती. "जाऊ द्या आप्पा. मलाच जमंना. कंपनीला न्हाई म्हणून कळवते. उद्याच्या गाडीनं मामाकडं जाते."

हे मात्र आश्रुबाला सोसलं नाही. "बाई, तू न्हाई चुकली," तो कसाबसा म्हणाला, "तुज्या बापानं माती खाल्ली. खंडोबा काढ. त्याच्या खाली बघ."

वैष्णवीनं नखानं स्टिकर उचकटलं. कोपऱ्यात दिवाळीचा पाडवा!

ती आधी भडकलीच. "आप्पा! सकाळपासून जीव चाललाय माझा, आणि तुमी..." मग बापाचं पडलेलं तोंड बघितलं, आणि रागात रागात तिला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. "अवो, आपल्या घरात पाडवा केल्यानं जगाची अवस टळती का?"

"मला वाटलं, टळंल," आश्रुबा पडल्या आवाजात म्हणाला. "तुजी बोअर होऊ नये, एवढंच होतं बग मनात."

वैष्णवीनं खुर्ची पुढं ओढली. तिनं एका बटणावर पाडव्याची अवस केली. काळी खिडकी पुन्हा उघडली आणि अवजारं सुरसुर उतरायला लागली. एकही लाल अक्षर नाही.

आता मात्र ती बसली ती बसलीच. आश्रुबानं जेवणाचं ताट तिच्या शेजारी आणून ठेवलं आणि बाहेर येऊन दारातच फतकल मारली. शेजारचा मुंजाजी गप्पा मारायला आला, त्याला हातानंच परत लावला. मनात खंडोबाला म्हणाला, देवा, तुला खोटं झाकायला बसवलं, त्याची शिक्षा मला दे, पोरीला नको.

सहाला थोडा वेळ असताना वैष्णवीनं काम पाठवलं. अवसेलाच.

पुढचे चार दिवस उत्तराची वाट बघण्यात गेले. बॅग दाराशी तशीच होती. धुरपताबाईनं बोअरीचं नावही काढलं नाही, आणि आश्रुबाला टोमण्यांपेक्षा ते जास्त जड जायलं होतं. पाचव्या दिवशी भर दुपारी, आश्रुबा जेवायला बसलेला असताना, वैष्णवीचा फोन वाजला. ती "हो सर, हो सर" करत अंगणात गेली आणि ओरडतच आत आली, "आप्पा, झालं! घरूनच काम!"

आश्रुबानं हातातला घास ताटात टाकला. तो उठला, खरकट्या हातानं दाराशी गेला, बॅग उचलली आणि पार आतल्या खोलीत माळ्यावर फेकून दिली. मग डोळे बाहीला पुसत परत ताटावर येऊन बसला.

धुरपताबाईनं पोरीच्या तोंडात साखर घातली, दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली. मग भाकरीची पाटी पुढं ओढली.

"अवसेलाच केलं म्हणायचं, आन् तरी झालं," ती म्हणाली.

"झालं की," आश्रुबा जपून म्हणाला.

बाईनं त्याच्या ताटात अर्धी भाकर टाकली. "मंग त्या बोअरीखाली आधीपासूनच पाणी नसंल," ती म्हणाली.

आश्रुबानं घास हातातच धरला. सहा वर्षांनी माणूस सुटला होता. त्यानं भाजी तोंडात घातली, नीट चावली, छाती काढून बसला आणि म्हणाला, "भाजीत मीठ जास्त पडलंय."

"पडलं असंल," धुरपताबाई म्हणाली, आणि तांब्या त्याच्यापुढं सरकवला.