आवडलेल्या पोराला नावं ठेवणं

पोरगा आवडला की त्याच्याकडे पाठ फिरवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. गेली सत्तावीस वर्षं मी एका व्यावसायिक फुटबॉल संघासाठी कॉलेजातली पोरं पारखतो. फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकेतला, चेंडू छातीशी धरून घुसायचा आणि घुसणाऱ्याला आडवा करायचा. एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट असतो. सगळे संघ आळीपाळीने एकेका पोराचं नाव पुकारतात, सात फेऱ्या चालतात, आणि एकाने पुकारलं की बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. म्हणून कोण आवडलाय याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आवडत्या पोराचा खेळ बघताना मी जांभई देतो, आणि ती इतकी अस्सल असते की शेजारी बसलेल्यालाही येते. माझी बायको डोरीन म्हणते, लग्नाआधी तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हाही मी अशीच दिली होती.

गस पेट्राकिस दुसऱ्या संघाचा पारखी. बावीस वर्षं आम्ही आयोवाच्या त्याच रस्त्यांवर, त्याच मोटेलांत भेटतोय. एका ताटलीतले पॅनकेक वाटून खातो आणि एकमेकांशी मनापासून खोटं बोलतो. त्याच्या नातवंडांच्या वाढदिवसांना मी जातो, पण त्याची वही मी कधी बघितलेली नाही, आणि माझी त्याने.

वेंडेल होकस्ट्रा हा आयोवातल्याच एका लहान कॉलेजचा गार्ड. गार्ड म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात भिंत होऊन उभा राहणारा गडी. भिंतीचं कुणी कौतुक करत नाही, पडली तर मात्र शिव्या देतात. वेंडेल तीनशे दहा पौंडांचा, डुकरं पाळणाऱ्या घरातला, बोलायला लाजरा. पण समोरून आडदांड गडी धावत आला की चर्चमध्ये म्हाताऱ्या बाईला बाकावर बसवावं तसा हलक्या हाताने त्याला खाली बसवायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी कॉफी हातातच गार झाली. मी लगेच जांभई दिली.

त्याची इच्छा एकच होती, आणि कॉलेजच्या कँटीनवालीने ती मला न विचारताच सांगितली. ड्राफ्टच्या दिवशी टीव्हीवर आपलं नाव पुकारलं जावं. त्याच्या गावातल्या कुणाचंच नाव आजवर कुणी कशासाठी पुकारलेलं नव्हतं. ते ऐकून मला भरून आलं, आणि मी मनात म्हटलं, पोरा, तुझं नाव मीच पुकारायला लावणार.

मार्चमध्ये कॉलेजात चाचणी झाली. आम्ही अकरा पारखी जमलो होतो. उंची मोजली, वजन केलं, हाताची वीत मोजली, आणि मग चाळीस यार्डांची धाव. अकरा जणांच्या हातात अकरा स्टॉपवॉच. धाव संपली की सगळे घोळक्यात येतात आणि तुझं किती, माझं किती सुरू होतं. माझ्या घड्याळात ५.०७ सेकंद होते. एवढ्या देहाचा हा वेग बघून मला नाचावंसं वाटलं. मी ओठ मुरडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "५.३१."

"माझे ५.३४," गस म्हणाला. "पाय आहेत का सिमेंटच्या गोण्या?"

मला गसची कीव आली. वाटलं, म्हाताऱ्याचा अंगठा आता जड झाला. बाकीचे नऊ जण आमच्या निम्म्या वयाचे. त्यांनी आपापल्या घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. एवढे मुरलेले दोन अंगठे एक आकडा सांगतायत म्हटल्यावर आपलाच चुकला असणार. एकेकाने गुपचूप घड्याळ शून्यावर आणलं आणि कागदावर ५.३ लिहिलं. त्या दुपारी मी दोन ताटल्या पॅनकेक खाल्ले आणि दोन्ही वेळा मीच आग्रह करून गसलाही वाढले.

माझ्या अहवालात मात्र मी खरं तेच लिहिलं. चौथ्या फेरीत घ्या, पाचवीची वाट बघू नका.

ड्राफ्टचा शेवटचा दिवस शनिवार. आमचे साहेब लायल प्रेसकॉट, वय एकेचाळीस, कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या माझ्याकडे वळले. चौथी फेरी चालू होती.

"व्हर्न, तुमचा होकस्ट्रा मला आवडतो. पण आम्ही इकडून तिकडून माहिती काढली, सगळ्यांच्या कागदावर ५.३ आहे. कुणालाच नकोय तो. मग आत्ता कशाला? सातवीत मिळेल की."

"तो आकडा खोटा आहे," मी म्हणालो. "मीच उठवलाय."

"आणि पेट्राकिसचा ५.३४?"

आत्ता कुठे मला उमगलं. गसच्या अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. गसलाही तो पोरगा आवडला होता. म्हणजे या घडीला त्याच्या संघाच्या खोलीत तोही असाच कोपऱ्यात बसून आपल्या साहेबांची मनधरणी करत असणार, आणि त्याचे साहेब त्याला माझाच ५.३१ दाखवत असणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर दोन अतिशहाणे होते आणि बैल एकच.

सातवी फेरी आली. साहेब म्हणाले, अजून कुणी घेतलेला नाही म्हणजे फोनवरसुद्धा मिळेल, आणि शेवटची संधी त्यांनी चेंडूला नुसती लाथ मारणाऱ्या एका पोरावर घालवली. ड्राफ्ट संपला. वेंडेल होकस्ट्राचं नाव कुणीही पुकारलं नाही.

ड्राफ्टनंतर उरलेल्या पोरांना फोन करायचे असतात, जो आधी पटवेल त्याचा पोरगा. खोलीत सगळेच फोनला लागले होते. मी वही उघडी ठेवून वेंडेलला फोन लावला. त्याच्या मागून खूप माणसांचा आवाज येत होता, पण दुखवट्याच्या घरी असतो तसा दबका.

"मिस्टर टटल, मी चर्चच्या हॉलमध्ये आहे," तो म्हणाला. "एकशेचाळीस माणसं आलीत. आजी सकाळपासून टीव्हीसमोरून उठलेली नाही. नाव घेतील आणि नेमकं हुकेल म्हणून."

मी त्याला सगळं सांगितलं. जांभया, ५.३१, सगळं.

"मिस्टर पेट्राकिस आत्याच्या फोनवर आहेत," तो म्हणाला. "तेपण हेच सांगतायत. आधी खोटं कोण बोललं?"

"मी."

"मग आधी तुम्हीच खरं सांगा. मला नको, ह्या सगळ्यांना सांगा. टीव्हीवाल्यांनी नाव घेतलं नाही ना, आता तुम्ही घ्या."

आणि त्याने फोनचा स्पीकर चालू केला.

सत्तावीस वर्षांत मी एकाही पोराचं चारचौघांत कौतुक केलेलं नव्हतं. मी घसा खाकरला आणि त्याचं पूर्ण नाव घेतलं. वेंडेल पीटर होकस्ट्रा. गार्ड. मग वही वाचायला लागलो. पाय हलके, पकड लोखंडी, वेग ५.०७. मध्येच एक म्हातारी ओरडली की जरा मोठ्यानं वाचा, कॉफीजवळच्यांना ऐकू येत नाहीये. मग तिनेच कुणाला तरी विचारलं, सामन्यांना जांभया देणारे ते हेच का? हॉल हसला. मी आवाज चढवला. आमच्या खोलीतले फोन एकेक करून थांबले आणि साहेबांसकट सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला लाज वाटत नव्हती. खरं सांगायचं तर इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

मग पानाच्या तळाशी आलो. तिथे एक ओळ होती, खाली लाल रेघ मारलेली. तेवढ्यात ध्यानात आलं की गस त्या दुसऱ्या फोनवर ऐकतोय. माझी जीभ आपोआप थांबली.

"एवढंच," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. मग आत्याच्या फोनचा स्पीकर लागला आणि गसची पाळी आली. त्याचा आवाज बसला होता.

"व्हर्नने सगळं सांगितलंच आहे," तो म्हणाला. "मी एकच सांगतो. नोव्हेंबरातला तो ३८-३ ने हरलेला सामना. शेवटच्या पंधरा मिनिटांत वेंडेलच्या डाव्या बाजूच्या पोराचा खांदा गेला होता. त्याने कुणाला सांगितलं नाही, वेंडेलनेही नाही. पण तिथून पुढे प्रत्येक वेळी वेंडेलने आपल्या समोरचा गडी अडवला आणि मग पळत जाऊन त्याच्या समोरचाही अडवला. हरलेल्या सामन्यात. मी ते चित्रण सहा वेळा बघितलं."

हॉलमध्ये कुठेतरी खुर्ची सरकली आणि एक तरणा आवाज आला, "खरंय ते. तो मीच." त्यानंतर मला बराच वेळ कुणीतरी नाक शिंकरल्याचं ऐकू येत होतं.

वेंडेलने स्पीकर बंद केला.

"मिस्टर टटल, तुम्ही छान वाचलंत. आजी खूश आहे. पण मी मिस्टर पेट्राकिसांकडे जातो. त्यांना ते दिसलं."

मी त्याला शाब्बास म्हणालो आणि फोन ठेवला. वही समोर उघडीच होती. लाल रेघेवरच्या त्या ओळीत नोव्हेंबर, ३८-३, डाव्या बाजूच्या पोराचा खांदा, सगळं माझ्याच अक्षरात होतं. मी ते चित्रण सात वेळा बघितलं होतं. पुन्हा फोन करून सांगावं असं क्षणभर वाटलं, पण त्या हॉलमधल्या एकशेचाळीस माणसांपैकी एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि त्यांनी का ठेवावा हे मलाही सांगता आलं नसतं.