शेषेरावांचा नकाराधिकार

आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीनं आजवर एकही तंटा मिटवला नव्हता. म्हणून गेल्या वर्षी अध्यक्षपदी हनुमंत सरांना बसवलं. सर उदगीरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. जगानं हे काम कसं केलं, ते त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ निघाला. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय तिथं ठराव होत नसे, आणि एखाद्या मोठ्याला बोल लागला की तो उठून घरी जाई.

"म्हणजे आपलीच समिती," सरपंच कावेरीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ निघाला. मोठे उठून जाऊ नयेत म्हणून त्यात पाच देशांना नकाराधिकार दिला. पाचांतला एक जरी नाही म्हणाला, तरी ठराव बाद. सरांनी हा दोष म्हणून सांगितला. गावानं सूचना म्हणून घेतला. आमच्याकडं जत्रेच्या नारळाचे मानकरीही नेमके पाचच. त्यांना बसल्या जागी नकाराधिकार मिळाला. सरांनी विरोध करून पाहिला, पण तो बहुमतानं फेटाळला गेला.

पहिला तंटा सोयाबीनच्या काढणीत आला. साखराबाईंचं रान शेषेरावांच्या रानापलीकडं. शेषेरावांनी मधली गाडीवाट नांगरून टाकली. साखराबाईंची सोयाबीन कापून गंजी लागलेली, वर आभाळ भरलेलं, आणि मळणीयंत्र न्यायला वाट नाही. शेषेराव पाच मानकऱ्यांपैकी एक. वाट मोकळी करायचा ठराव समितीपुढं आला.

"भावजी, गंजी भिजली तर शेंगातच कोंब फुटतील," साखराबाई म्हणाल्या. "वर्षाचं पीक हाय माझं."

"मला लई वाईट वाटायलंय, वहिनी. पण आपला नकार हाय."

"तंटा तुमचाच हाय की."

"म्हणून तर. दुसऱ्याच्या तंट्यात मी कशाला पडू?"

समितीनं तीव्र चिंता व्यक्त केली. त्या ठरावाला शेषेरावांनीही हात वर केला. मग सरांनी शांतिसेना पाठवली. माउली आणि सत्यम हे गावातले दोघे तरुण बियाणं कंपनीच्या निळ्या टोप्या घालून नांगरल्या वाटेवर जाऊन बसले. हुकूम असा की बघायचं, कशाला हात लावायचा नाही. सकाळी शेषेरावांकडून चहा आला, दुपारी साखराबाईंकडून धपाटे. दोन्ही बाजूंचा विश्वास मिळाल्याचा अहवाल देऊन सेना लिंबाखाली झोपली.

आभाळ आणखी खाली आलं. त्या दिवशी कर्नाटकातली लक्ष्मम्मा आपलं मळणीयंत्र घेऊन शिवारात आली. ती स्वतः ट्रॅक्टरवर बसते. शेषेरावांनी तिला आपल्या गंजीकडं बोलावलं.

"एका गंजीसाठी मशीन लावत न्हाई," ती म्हणाली. "पलीकडची बी असंल तर दोन्ही करते. न्हाईतर वरच्या शिवारात चालले."

"पलीकडं वाट न्हाई."

"मग करा."

"कशी करू? समितीत माझा नकाराधिकार हाय."

"असू द्या. घरात जपून ठेवा," म्हणत लक्ष्मम्मानं ट्रॅक्टर वळवायला घेतला.

शेषेरावांनी एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या गंजीकडं. मग खोरं उचललं आणि ढेकळं फोडत वाट सारखी करायला लागले. शांतिसेना जागी झाली. हात लावायचा हुकूम नसल्यानं तिनं नुसतं पाहिलं. शेषेराव पुढं चालत, "डावीकडं घ्या, डावीकडं," करत यंत्र घेऊन गेले. पाऊस पडायच्या आत दोन्ही गंज्या मळून झाल्या.

पुढच्या बैठकीत ठराव आला: समितीच्या अथक प्रयत्नांनी तंटा मिटल्याबद्दल समितीचं अभिनंदन. चार मानकऱ्यांचे हात वर झाले. शेषेरावांनी नकार दिला. तंटा झालाच नव्हता, मग मिटवला कुणी, असं त्यांचं म्हणणं.

सरांनी ठराव बाद केला. साखराबाई काय म्हणतात ते विचारावं, असं कुणीतरी सुचवलं. त्या बैठकीला आल्याच नव्हत्या. घरी बसून सोयाबीन भरलेली पोती शिवत होत्या.