प्रीतीची जपून ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाची नव्हे, शाळेतली नव्हे आणि पुढाऱ्यांची तर नव्हेच नव्हे. चारचाकी गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधतात, ती लहान मुलांची खुर्ची. माझे पट्टे आता कापलेले आहेत आणि मी जालन्यात एका भंगारवाल्याच्या अंगणात, फुटक्या कूलरला टेकून उभी आहे. इथून रस्ता दिसतो. जाणाऱ्या गाड्यांच्या काचांतून पुढच्या दोन सीटांच्या मधे उभी राहिलेली मुलं दिसतात. ती दिसली की मला गप्प बसवत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, त्यावर कापड चढवलं, खांद्यावरून आणि कमरेवरून येणारे पट्टे ओवले आणि झाले मी तयार. आमच्यातल्या एका बहिणीत लेकराएवढा पुतळा बसवून तिला रुळावरून जोरात सोडलं आणि एकदम थांबवलं. पुतळा जागचा हलला नाही, तेव्हा कुठे आम्हा बाकीच्यांच्या पाठीवर शिक्का बसला. ती बहीण मात्र लगेच मोडीत गेली. एकदा असा हिसका बसला की आमच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. तेव्हा मला तिची कीव आली होती.

पुढे मी जालन्यातल्या एका दुकानात आले. माझ्या एका बाजूला मखमली टोपडं घातलेली, बाटली ठेवायला खाच असलेली दिमाखदार सीट होती. तिची किंमत विचारून लोक दोन पावलं मागे सरायचे. दुसऱ्या बाजूला नुसती दोन पट्टे शिवलेली गादी होती. ती स्वस्त, म्हणून सगळे तिच्यावर खूश. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मी आपली मधे बसून धूळ खात होते.

एके दिवशी शिवकन्या आली. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत ती बी निवडायच्या टेबलावर काम करते. तिच्यासोबत नवरा धम्मपाल होता. तो लोखंडाच्या मिलमध्ये क्रेन चालवतो. त्यांनी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. आणि शिवकन्येच्या कडेवर प्रीती होती, बालवाडीत जाणारी. तिच्या ओठावर टाक्याची ताजी खूण होती. आडव्या आलेल्या शेळीसाठी धम्मपालनं ब्रेक लावला आणि सीटांमधे उभी असलेली प्रीती समोर आपटली, त्याची ती खूण.

दुकानदारानं लगेच गादी पुढे केली. "ही न्या बाई. सगळे हीच नेऊन राह्यले."

"हिला कुठं तपासल्याचा शिक्का हाय का?" शिवकन्येनं विचारलं.

"शिक्का कोण बघतं?"

"मंग न्हाई पायजे."

धम्मपाल हळूच म्हणाला, "मिलमधला एकजण त्याच्या पोराची जुनी देऊन राह्यला. फुकट. धुवून घेऊ."

"ती कधी कुठं आपटली का, त्याला बराबर ठाव हाय का? आतून तडा गेलेला वरून दिसत न्हाई. लेकराच्या जिवाला फुकटचं नको."

मग तिनं मला उचललं आणि सरळ उलटं केलं. आजवर मला कुणी उलटं करून पाहिलं नव्हतं. तिनं शिक्का पाहिला, किती वजनाच्या मुलासाठी आहे ते वाचलं, कधी तयार झाले ते वाचलं. दिमाखदार सीटही तिनं तशीच उलटी केली. तिच्या पाठीवर अगदी तोच शिक्का होता. "मंग मखमलीचा खर्चा कशाला?" ती म्हणाली. दुकानदार कुरकुरत होता, तरी पैसे द्यायच्या आधी तिनं मला गाडीत बसवून बघितलं. माझ्यावर गुडघा रोवून तिनं गाडीचा पट्टा असा खेचला की मला जागचं हलता येईना. सणाच्या साडीवर पाणी सोडून तिनं मला घेतलं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, माझे सुखाचे दिवस तिथून सुरू झाले. रोज सकाळी प्रीती माझ्यावर चढायची. शिवकन्या तिच्या खांद्यावरचे पट्टे आवळायची, मग पट्टा चिमटीत धरून बघायची. चिमटीत आला तर ढिला, पुन्हा आवळायचा. प्रीती आधी रडायची, मग "माझी खुर्ची, माझी खुर्ची" करत दुसऱ्या मुलांना हात लावू देईना. तिला बोरांचं भारी वेड. बोर खाऊन झालं की बी टाकायची कुठे? तर माझ्या कापडाच्या घडीत. मला त्या बिया टोचायच्या, पण मी काही तक्रार केली नाही.

तक्रार घरातल्यांची होती. आपल्याकडे चांगली वस्तू घरात आली की ती वापरण्यापेक्षा जपायची घाई जास्त. तुमच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी असेल, तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते. पहिले काही महिने माझ्यावरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं. उन्हाळ्यात प्रीतीच्या पाठीला घामोळं आलं, तेव्हा ते निघालं आणि त्याच्या जागी शिवकन्येनं जुन्या साडीचा अभ्रा शिवला. धम्मपाल दर रविवारी मला पुसायचा. त्याचे वडील भिवाआजोबा प्रीतीला रागे भरायचे, "खुर्चीवर सांडू नको ग, महागाची हाय." पावसाळ्यात तर चिखलाचे पाय म्हणून मला काढून घरात ठेवायचे आणि तेवढ्यापुरती प्रीती आईच्या मांडीवर. शेजारपाजारच्या बाया मला बघायला यायच्या. "किती जपली हाय, नवीच दिसती," म्हणायच्या. मला तळहाताच्या फोडासारखं जपलं गेलं. आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

त्या हिवाळ्यात आष्टीला नात्यातलं लग्न होतं. जाताना प्रीती माझ्यावर बसून गेली. नवा फ्रॉक, डोक्यात गजरा, आणि वाटभर बोरं. लग्न लागलं, पंगती उठल्या. दिवेलागणीला परत निघताना धम्मपालची मोठी बहीण बेबीनंदा आणि तिचे यजमान गाडीजवळ आले. त्यांना परतूरला स्टेशनवर जायचं होतं, परभणीकडची रेल्वे धरायला. गाडीत भिवाआजोबा होतेच. जागा एकच कमी पडत होती, आणि ती मी अडवली होती.

मोठ्या बहिणीला रस्त्यावर उभं ठेवून लेकराची खुर्ची मिरवत न्यायची, हे आपल्याकडे कुणाला जमेल? धम्मपाल मान खाली घालून चावी फिरवत राहिला. बेबीनंदा काही वाईट बाई नव्हती. प्रीती तिचा जीव की प्राण. तीच म्हणाली, "लेकराचे हात बघ, बुंदीच्या पाकानं चिकट झाले. एवढी चांगली खुर्ची खराब होईल. मी घेते मांडीवर. परतूर काय लांब हाय का? आमी उतरलो की बसव परत."

शिवकन्येचा हात माझ्या पट्ट्यावर होता आणि तो पटकन सुटला नाही. मग तिनं मला सोडवलं. डाग पडू नये म्हणून चादरीत गुंडाळलं आणि डिक्कीत स्टेपनीशेजारी ठेवलं. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून तिला पुढची जागा दिली. पेंगुळलेली प्रीती तिच्या मांडीवर. गाडीचा पट्टा लेकराच्या पोटाला टोचतो, म्हणून आत्यानं तो लावलाच नाही.

पुढचं मी पाहिलं नाही, मित्रांनो. चादरीतून काय दिसणार? रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. कापूस बाहेर इतका फुगला होता की मागचा लाल दिवा त्याच्याआड गेला होता. धम्मपालला ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. ब्रेकचा आवाज आला आणि मी डिक्कीतून उडून सीटच्या पाठीवर आदळले. माझ्या आत काहीतरी कडकन वाजलं.

मग एकेकाचे आवाज यायला लागले. भिवाआजोबा कण्हत होते. यजमान "काय झालं, काय झालं" म्हणत होते. शिवकन्या दार उघडायला धडपडत होती. बेबीनंदा एकच विचारत होती, "लेकरू कुठं हाय? माझ्या मांडीवर व्हतं की." प्रीतीचा आवाज आला नाही. मी किती वाट पाहिली त्या आवाजाची.

दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. बाकी सगळे वाचले. तिच्यासाठी तपासून, उलटी करून, गुडघा रोवून बसवलेली मी तिच्यापासून दोनच सीटा मागे होते, चादरीत, स्वच्छ. माझ्यावर एक डागसुद्धा पडला नव्हता. त्या स्वच्छपणाची मला अजून शिसारी येते.

नंतर मला घरातल्या लोखंडी कपाटावर ठेवलं. वर्ष गेलं असेल. गाडी विकली गेली. धम्मपालची रविवारची सवय मात्र सुटली नाही. तो स्टुलावर चढायचा, मला पुसायचा, उतरायचा आणि तसाच बसून राहायचा. बेबीनंदा आली की आपल्याच हातांकडे बघायची. "म्या धरलं व्हतं ग," ती शिवकन्येला म्हणायची. "दोन्ही हातानं धरलं व्हतं."

"धरलंच होतं तुमी, अक्का," शिवकन्या म्हणायची. "ते हाताचं काम न्हाई. गाडी एकदम थांबली की लेकरू पोत्यासारखं जड होऊन सुटतं. कुणाच्याच हातात राहत न्हाई. खुर्ची मीच काढली."

दोघींचा चहा निवून जायचा.

एका दुपारी शेजारची वंदना आली. खेड्यात शेती असलेलं, आता जालन्यात राहायला आलेलं कुटुंब. तिचा आदिनाथ प्रीतीच्या वयाचा झाला होता आणि त्यांनी गाडी घेतली होती. वंदना दारातच घुटमळली. "वैनी, राग मानू नका. तुमची ती खुर्ची तशीच पडून हाय. नवीच हाय जशी. आमच्या आदीला..."

मला वाटलं, चला, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू. मग आतला तडा आठवला आणि मी घाबरले. साडीच्या अभ्र्याखाली तो कुणालाच दिसत नव्हता. ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

शिवकन्येनं मला खाली उतरवलं आणि शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणली. तिनं माझा खांद्यावरचा पट्टा धरला आणि कापायला लागली. पट्टा जाड, कात्री बोथट. तिच्या बोटांना वळ उठले. धम्मपाल धावत आला.

"कामून कापून राह्यलीस? तिची खुर्ची हाय ती."

"तिची हाय म्हणूनच. आपटलेली हाय ही. आज वंदनाताईनं मागितली, उद्या दुसरं कुणी मागंल, आणि आपण भिडेखातर देऊन टाकू. त्या दिवशी भिडेखातरच काढली होती ना?"

धम्मपाल खाली बसला. मग त्यानं दुसरा पट्टा ताणून धरला, म्हणजे तिला कापायला सोपं जावं. पट्टा तुटला तशी कापडाची घडी उलगडली आणि बोराच्या वाळक्या बिया फरशीवर सांडल्या. शिवकन्येनं त्या एक एक करून वेचल्या. इतके दिवस न रडलेला धम्मपाल तेव्हा रडला. मीही रडले असते.

बिया ओट्यावर ठेवून शिवकन्या वंदनेकडे वळली. "ताई, गाडी काढा. मी येते तुमच्यासंगं दुकानात. शिक्का बघून घेऊ, तुमच्या गाडीत बसती का ते बघू. महागाची लागत न्हाई. पण एक सांगते, एकदा बसवली की काढायची न्हाई. पाव्हणा उभा ऱ्हाऊ द्या रस्त्यावर. रुसला तर रुसला."

त्याच संध्याकाळी मी इथं आले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की "आम्हाला जपा" म्हणतात. माझी तशी विनंती नाही. मला जपलं, म्हणून मी इथं आहे आणि प्रीती नाही. तुमच्यासाठी घरात अशी खुर्ची आणली असेल, तर तिच्यावर बुंदी सांडा, चिखलाचे पाय ठेवा, बोरांच्या बिया कोंबा. फक्त तिच्यावरून उठू नका. आत्यानं कितीही मायेनं मांडी पुढे केली, तरी तिला सांगा, "आत्या, घरी गेल्यावर बसतो."

काल वंदनेची गाडी इथून गेली. आदिनाथ मागे पट्ट्यात घट्ट बसला होता आणि केळं खात होता. थोडं तोंडात, बाकीचं खुर्चीला फासलेलं. एवढ्यातच ती खुर्ची पार कळकट झाली आहे. मला फार बरं वाटलं.