दुकानातल्या गाठी

माझा दादा खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतो. ही लहानपणापासूनची सवय फक्त मला ठाऊक आहे, म्हणून त्याचं आजवर निभावलं. या वसंतात तो तीनदा माझ्याकडे आला, तिन्ही वेळा खाकरला आणि म्हणाला, "यंदा जिताडा किनाऱ्याला लागलाच नाही बघ. उगाच झोपमोड कशाला करायची?"

हे त्याने दुसऱ्या कुणालाही सांगावं, मला सांगू नये. माझं केस कापायचं दुकान मासळीबाजाराच्या तोंडाशी आहे. रोज सकाळी माझ्या काचेसमोरून हात-हातभर लांबीचे जिताडे टोपल्यांतून चालले होते. वसंत सरत आला की हा मासा बारीक मासळीच्या मागे रात्रीच्या भरतीला पार खडकांपर्यंत येतो, आणि कळायला लागल्यापासून आम्ही दोघं बहीणभाऊ गळ घेऊन त्याच्या मागे असतो. दादा बंदरात क्रेन चालवायचा तेव्हा दिवसभराची पाळी उरकून यायचा. निवृत्त झाल्यावर तर वहिनी म्हणायची, "हे जेवायला घरी येतात, राहायला खडकावर असतात."

खरं काय ते वहिनीनेच सांगितलं. केस कापून घ्यायला आली, खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

"वन्सं, यांचे हात थरथरतात हो."

"बघितलंय मी. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो."

"काल तासभर स्वयंपाकघरात बसून एकच गाठ बांधत होते. मी आत गेले तर दोरा खिशात कोंबला. म्हणे, बटण लावत होतो. जन्मात कधी बटण लावलंय यांनी?" तिला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. "डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. पण दिवसभर खुर्चीत बसून असतात, तेही खिडकीकडे पाठ करून. मला भीती वाटते. हा माणूस एकदा असा बसला की पुन्हा उठायचा नाही."

मी कात्री चालवत राहिले. त्या दिवशी वहिनीचे केस जरा जास्तच आखूड झाले.

सरळ जाऊन "दे, मी बांधते" म्हणायची सोय नव्हती. आमच्यात दुसऱ्याचा गळ कुणी बांधत नाही. ज्याचा गळ त्याने बांधायचा, म्हणजे मासा सुटला तर दोषही ज्याचा त्याला. एकदा घाईघाईत दादाने माझ्या हातची गाठ घेतली, मोठा जिताडा तोडून गेला, आणि पुढे महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. गळ गंजका होता, गाठीला काहीही झालं नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. शिवाय दादाचा स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा. मी हात पुढे केला असता तर त्याने काठीच विकून टाकली असती.

मग मी डोकं चालवलं. दुकान बंद करून दोऱ्याचे वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतात एवढे तुकडे कापले, प्रत्येकाच्या एका टोकाला गळ बांधला आणि दुसऱ्या टोकाला फास. काठीच्या दोऱ्याला एक छोटी कडी असली की असला तुकडा तिच्यात नुसता अडकवायचा असतो, गाठीचं कामच उरत नाही. रिळाला तेल घालते म्हणून मी त्याची काठी नेली आणि तेवढ्यात कडीही लावून टाकली. तुकडे केसांच्या पिना येतात त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले, वरून टाचण्या मारल्या आणि त्याच्या पुढ्यात टाकले.

"हे काय?"

"तयार मिळतात आता दुकानात. सगळे हेच वापरतात."

"तयार गाठी," दादा म्हणाला. "उद्या तयार मासेही आणशील."

"तेही मिळतात बाजारात. आणू?"

त्याने एक पिशवी उचलली, नाकाशी नेली, परत ठेवली. आतून वहिनी म्हणाली, "जाऊन या की एकदा. घरात नुसते पायांत घोटाळता." दादाने बूट कुठे आहेत असं विचारलं, आणि आतली भांडी एकदम गप्प झाली.

रात्री खडकावर आम्ही नेहमीच्याच जागा घेतल्या. तो टोकाला, मी दहा पावलं अलीकडे. पाण्यावर उजेड पाडायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, एवढे दोनच नियम. उजेड नसला की दादाचे हातही दिसत नव्हते, आणि ते त्याला बरंच वाटत असावं. काठी फेकायला खांदा लागतो, आणि खांदा अजून क्रेनवाल्याचाच होता. त्याच्या रिळाचा लांबलचक आवाज ऐकला आणि मला इतका आनंद झाला की माझा स्वतःचा गळ मी शेवाळात अडकवून घेतला. थोड्या वेळाने त्याने एक बेताचा जिताडा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुकानदार बरा आहे तुझा."

आणि मग त्याचा दोरा खडकाच्या कपारीत अडकला. त्याने ओढला, सैल सोडला, पुन्हा ओढला, आणि तो तुटला. कुठे तुटला ते आवाजावरूनच कळलं. कडीच्या वर. आता पिशवीतले सगळे तुकडे असून नसल्यासारखे होते, कारण कडी नव्याने बांधायची म्हणजे गाठ आली.

नेमके तेव्हाच मासे पायाशी आले. फाट, फाट, एकामागून एक पाण्यावर आपटत होते. माझी काठी हातात तशीच होती. दादाच्या बाजूने काहीच ऐकू येत नव्हतं. मग खिशाची चेन उघडल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळाने एक शिवी, आणि खडकावरून काहीतरी बारीक टिणटिणत पाण्यात पडलं. ती जादा म्हणून ठेवलेली दुसरी कडी होती.

माझी जीभ किती लांब आहे ते गावाला माहीत आहे. त्या वेळी ती मी दाताखाली धरली. आपण बोललो तर हा उद्यापासून खिडकीला पाठ करून बसेल, आणि नाही बोललो तरी कदाचित बसेलच, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझा भाऊ माझ्यापासून दहा पावलांवर एकटा झगडत होता आणि मला रडू येत होतं. पण काठी त्याने द्यायला हवी होती. मी मागून चालणार नव्हतं.

शेवटी बुटांचा आवाज जवळ आला. तो माझ्या शेजारी उभा राहिला.

"बारके."

"हं."

"कडी गेली."

"बरं."

मासे आपटत होते. तो उभाच होता. मग काठीची मूठ माझ्या खांद्याला टेकली.

"बांध," दादा म्हणाला.

मी माझी काठी खाली ठेवली. त्याने दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं, आणि देताना त्याची बोटं माझ्या बोटांत थरथरली. मी ती जरा वेळ धरून ठेवली. त्याने सोडवून घेतली नाहीत. मग मी माझ्या खिशातली कडी काढून चाचपडत वेढे घातले, थुंकीने ओले केले, दाताने टोक तोडलं आणि कडीला तयार तुकडा अडकवला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"थंडीपासून."

"आणि गप्प बसलीस? तू?"

"फार त्रास झाला."

दादा हसला, खडकावर हसतात त्यापेक्षा मोठ्याने. पाय वाजले की मासे दूर जातात, हसण्याने तर नक्कीच गेले असतील. तो टोकाला परत गेला नाही. माझ्याजवळच बसला आणि काठी गुडघ्यांवर आडवी घेतली.

"उद्या दुपारी घरी ये," तो म्हणाला. "आणि त्या दुकानदाराला सांग, गाठी चांगल्या बांधतो, पण मालाला शाम्पूचा वास मारतो. मासा मूर्ख नाही."

मी माझी बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

"वाळूने हात घासून यायचं," दादा म्हणाला, "आणि माझ्यासमोर बसून बांधायच्या."

"आणि मासा सुटला तर?"

तो उठला, काठी मागे नेली आणि लांबवर फेकली. रीळ वाजत राहिलं. गळ पाण्यात पडल्यावर तो म्हणाला, "सुटला तर दोघांचा सुटला."