बाईंची शाबासकी

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी मोठ्या माणसांचा बँड उभा केला, तेव्हा लोक हसले होते. पन्नाशी-साठीची मंडळी, कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाला दम पुरत नाही, ती काय वाजवणार! पण बाई खमक्या. दर बुधवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या तळघरात तालीम चालायची आणि तिथे आजोबा झालेली माणसंही बाईंपुढे शाळकरी पोरं व्हायची. चुकलं की बाई तोंडावर सांगायच्या. ‘वा’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे.

ड्रायव्हरकाका ट्रम्पेट वाजवायचे. जन्मभर बस चालवलेली, वाद्य हातात धरलं ते निवृत्तीनंतरच. पहिलं वर्षभर नुसता भोंगा.

“काका, बस मागे घेताय का?” बाई विचारायच्या, आणि सगळ्यांत मोठ्याने काकाच हसायचे. पण माणूस चिवट. हळूहळू त्यांचा सूर असा लागायला लागला की बाई हातातली ताल दाखवायची काठी खाली करून ऐकत राहायच्या.

मग काकांचे दात गेले. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या डॉक्टरीणबाई दातांच्याच. त्यांनी कवळी बसवून दिली. काका तरुण दिसायला लागले, पण ट्रम्पेट ओठांवर टेकवला की कवळी हलायची, हवा बाजूने निसटायची आणि सूर फाटायचा.

“काहीच करता येणार नाही?” बाईंनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं.

“होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. मी दात बसवू शकते बाई, सूर नाही.”

काकांना कुणी काही बोललं नाही. ते येत राहिले. कार्यक्रम तोंडावर आला होता. एका बुधवारी बाई ट्रम्पेटवाल्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. काकांचे गाल फुगत होते, बोटं बिनचूक फिरत होती, पण आवाज शेजारच्या दोघांचाच होता. काका फुंकतच नव्हते.

तालीम संपल्यावर काका वाद्य पुसत होते, तिथे बाई गेल्या.

“वा, काका! आज सूर छान लागला.”

काकांचा हात थांबला.

“हो का,” म्हणाले, आणि पेटी बंद करून निघून गेले.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. शेवटी बाई त्यांच्या घरी गेल्या. सुनेनं दार उघडलं.

“बरं झालं आलात. बाबा हल्ली कुणाशी बोलतच नाहीत.”

काका खिडकीपाशी बसले होते. बाईंनी इकडचं तिकडचं काढलं, मग म्हणाल्या, “मोठ्या ढोलाला माणूस हवाय. तुमची लय पक्की आहे. या ना.”

“बाई, त्या दिवशी मी एक फुंकरही मारली नव्हती.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“तुमच्यासाठी वाईट वाटलं, काका.”

“सगळ्यांदेखत माझी बस काढायचात, तेव्हा नाही वाटलं कधी. म्हणून तर यायचो मी.” काकांनी कवळीवरून जीभ फिरवली. “मागच्या वर्षी एकदा तुम्ही मला वा म्हणाला होतात. त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नव्हतं मला. आता वाटतं, तेही असंच होतं का?”

“नाही हो! ते अगदी खरं होतं. शपथेवर सांगते.”

“असेल,” काका म्हणाले.

सुनेनं चहा आणला. तो घेऊन बाई उठल्या.

कार्यक्रम पार पडला. काकांचा भाग बाईंनी क्लॅरिनेटला दिला होता; ऐकणाऱ्यांना काही कमी जाणवलं नाही. टाळ्याही भरपूर पडल्या. त्यानंतर बाईंनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा सून म्हणाली, बाबा झोपलेत.

पुढे कधीतरी भाजी घेताना काका समोरच आले. त्यांनी अदबीने नमस्कार केला, बाईंच्या तब्येतीची चौकशी केली, कांदे फार महागलेत म्हणाले. बँडबद्दल अवाक्षर नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत ते रस्ता ओलांडून गेले. भाजीवाली दोनदा “ताई, किती देऊ?” म्हणाली, तरी बाईंना ऐकू गेलं नाही.